वठारातलं बळकट केंद्र

भाड्यानं घर देण्याआधी मालक काय काय विचारतात याचा मला तोवर बऱ्यापैकी अनुभव आला होता. पगार किती, माणसं किती, पाहुणे फार येतात का, मिरच्या कांडायच्या असतात का. अण्णांनी यातलं काहीच विचारलं नाही. अंगणातल्या वेताच्या खुर्चीवर बसून, गळ्यातला मफलर नीट करत त्यांनी मला विचारलं, "फेडरलिस्ट म्हणजे कोण?"

मी हातातली ट्रंक खाली ठेवली. भाषावार राज्यं नुकतीच झाली होती. आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच्याबरोबर, कचेरीतली टेबलखुर्ची हलवावी तसा, मीही बंगळूरला येऊन पडलो होतो. कुठला तालुका कुणाला मिळाला आणि कुठल्या राज्याला किती अधिकार, याखेरीज कचेरीत दुसरा विषय नव्हता. त्यामुळे हा पेपर मला सोपा वाटला. मी म्हणालो, "राज्यांना जास्त अधिकार हवेत असं म्हणणारा."

"तप्पु," अण्णा म्हणाले.

कानडीत तप्पु म्हणजे चूक. हा शब्द ते इतक्या शांतपणे म्हणत की ऐकणाऱ्याला आपण जन्मल्यापासूनच चुकत आलो आहोत असं वाटे.

"नेमकं उलटं. फेडरलिस्ट म्हणजे केंद्र बळकट पाहिजे म्हणणारा. अमेरिकेत तेरा संस्थानं होती. तेरांची तेरा तोंडं. मधलं सरकार असं, की कुणी त्याला विचारत नव्हतं. तेव्हा जे म्हणाले, मध्ये एक खंबीर सरकार पाहिजे, त्यांनी हे नाव घेतलं. आता आमचे पेपरवाले ते नाव समोरच्या बाजूला चिकटवतात. चोरीचा माल आहे हो हा."

मी विचारलं, "मग खोल्यांचं कसं?"

"खोल्या तुम्हालाच. सकाळी एकजण आला होता, म्हणाला मला ठाऊक नाही. तुम्ही चुकलात, म्हणजे विचार तरी केलात. सरी, ठीक आहे, सामान आणा."

अशा रीतीनं राज्यशास्त्रात नापास होऊन मला बंगळुरात घर मिळालं.

बंगळूरकडे वठार म्हणतात ती आपल्याकडची चाळच, फक्त मजले न चढवता जमिनीवर बसवलेली. मध्ये फरसबंद अंगण, दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्यांची कौलारू बिऱ्हाडं, आणि टोकाला, सगळ्यांवर नजर राहील अशा बेतानं, मालकाचं घर. अण्णा चामराजपेटेतल्या एका शाळेतून निवृत्त झाले होते. तिथं ते नागरिकशास्त्र शिकवत. शाळेनं त्यांना निवृत्त केलं होतं, नागरिकशास्त्रानं मात्र केलं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाक स्वतः करत, रोज एकाच चवीचं सार आणि भात, आणि त्या चवीत बदल करायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

अंगणाच्या मधोमध एकच नळ होता. नळाच्या बुडाशी एक लोखंडी झाकण, झाकणाखाली खड्ड्यात व्हॉल्व्ह, आणि तो व्हॉल्व्ह उघडायची हातभर लांबीची चावी अण्णांकडे. कुठल्याशा जुन्या भाडेकरूनं नळ वाहता ठेवून दार लावून घेतलं, तेव्हापासून त्यांनी ही व्यवस्था बसवून घेतली होती. रोज पहाटे थंडीत कोट, धोतर आणि मफलर अशा थाटात अण्णा बाहेर येत, खुर्ची नळाशेजारी मांडत, वाकून चावी फिरवत आणि मग एकेका बिऱ्हाडाला पुकारत. तेही नावानं नाही. प्रत्येकाला त्यांनी त्याच्या त्याच्या मुलखाचं नाव दिलं होतं. समोरचा तमिळ शिंपी म्हणजे सेलम. नंजम्मा आणि तिचा गिरणीतला फिटर नवरा म्हणजे मंड्या. आम्ही बेळगाव.

"सेलम, या. मंड्या, स्वल्प थांबा. बेळगाव, घागर विसळून आणा, प्रांताची शोभा जाते."

आमची ही म्हणायची, "माहेर चिकोडी, सासर निपाणी, आणि इथं सकाळी उठून बघते तर मी अख्खा बेळगाव जिल्हा."

पाण्याची पाळी जो वठारात आधी आला त्याची आधी, अशी होती. त्यामुळे पहिली घागर शिंप्याची. त्याला काही घाई नसे. त्याचं दुकान सगळं जग कामाला लागल्यावर उघडायचं. तो जांभया देत, नळाखाली घागर ठेवून, बंगळूरच्या थंडीबद्दल बोलत राहायचा. नंजम्माच्या नवऱ्याला गिरणीचा भोंगा गाठायचा असे. ती मागं उभी राहून दातओठ खात असे. एकदा तिनं धीर करून म्हटलंही, "अण्णा, आम्हाला आधी द्या ना. यांची वेळ होते."

"घटना आहे ही, नंजम्मा," अण्णा म्हणाले. "घटना कुणाच्या भोंग्यावर बदलत नाही."

पुढं मी पाहिलं, की केंद्राकडे नुसता व्हॉल्व्हच नव्हता. केंद्राकडे एक शिडी होती, एक थर्मामीटर होता आणि एक प्रचंड काळी छत्री होती. यांतली कुठलीही वस्तू कुणालाही मिळे, पण मागायला जावं लागे आणि कारण सांगावं लागे. छत्रीसाठी "पाऊस पडतोय" हे कारण पुरत नसे. पाऊस सगळ्यांवरच पडतोय, तुम्ही कुठं चाललात ते सांगा. रेडिओही एकच होता आणि तोही केंद्राचाच. संध्याकाळी अण्णा तो खिडकीत आणून ठेवत आणि सगळ्या वठाराला बातम्या ऐकवत. बातम्या संपून गाणं लागलं, की आत हात जायचा आणि कट्ट आवाज यायचा. गाणी रविवारी. बाकीच्या दिवशी बातमीत कुणी फेडरल हा शब्द भलत्या अर्थानं वापरला, की खिडकीतून तेवढ्याच शांतपणे ऐकू यायचं, "तप्पु."

त्यांचं मराठी तीनशे वर्षं बंगळुरात मुरलेलं होतं. त्यात कानडी आणि तमिळ शब्द होते आणि आमच्याकडे आजोबा-पणजोबांबरोबर गेलेले काही मराठी शब्दही होते. मी मराठी बोललो की ते कान टवकारून ऐकत आणि म्हणत, "तुमचं मराठी फार ताजं आहे हो. अजून पाणी सुटतंय." शहाजीराजांच्या काळात त्यांचं घराणं इकडं आलं आणि परत जायचं राहूनच गेलं. एकदा बातम्यांत राज्यांच्या सीमांबद्दल काही चाललं होतं. मी बेळगावचा, तेव्हा माझं रक्त जरा तापलं आणि मी तावातावानं बोलायला लागलो. अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं बरं आहे," ते म्हणाले. "तुमचा वाद तरी आहे. इकडचे का तिकडचे. आम्ही कुठले? महाराष्ट्रात गेलो तर माझं बोलणं ऐकून लोक हसतात. इथं शेजारी मला मराठा म्हणतात. तंजावरला माझी बहीण आहे, ती तमिळमध्ये स्वप्नं बघते. प्रत्येक भाषेला एक घर मिळालं. ज्यांना कुठलंच घर मिळालं नाही त्यांनी कुणाच्या दारात उभं राहायचं? केंद्राच्या. ते बळकट नको?"

त्या दिवसापासून मला त्यांच्या त्या शब्दाचं हसू यायचं बंद झालं. थट्टा करायची मात्र मी सोडली नाही, आणि त्यांनाही ती आवडायची.

शब्दासाठी ते कुठंही भांडत. एका रविवारी शेजारच्या मैदानात कुणा पुढाऱ्याची सभा होती. अण्णा मला छत्रीसकट घेऊन गेले. पुढारी तासभर बरा बोलला. मग हात उंच करून कानडीत म्हणाला, आम्हीच खरे फेडरलिस्ट आहोत, दिल्लीचे अधिकार काढा आणि राज्यांना द्या. टाळ्या सुरू व्हायच्या आत अण्णा उभे राहिले होते.

"तप्पु," ते म्हणाले. सभेत ध्वनिक्षेपक पुढाऱ्याकडे होता, पण अण्णांकडे वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज होता. "अधिकार मागा, माझं काही म्हणणं नाही. पण नाव दुसऱ्याचं घेऊ नका. तुम्ही त्या नावाचे विरोधक आहात. विरोधक असणं काही वाईट नाही, तसं सांगा."

एक दांडगा स्वयंसेवक त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर घेऊन गेला. मी छत्री सांभाळत मागं. मला वाटलं, आता धक्काबुक्की होते. बाहेर येऊन बघतो तर अण्णा एका दगडावर बसलेले, स्वयंसेवक समोर उकिडवा, आणि जमिनीवर तेरा खडे मांडून झालेले. सभा संपून लोक पांगले तरी तो स्वयंसेवक तिथंच होता. पुढं तो कधीमधी वठारात यायचा आणि शंका विचारून जायचा. आपल्या पुढाऱ्याला त्यानं काय सांगितलं कोण जाणे.

त्यांच्या राज्यात राहताना आम्ही सगळे कुरकुरत होतो, हे खरं. पण त्याच वर्षी आमच्या हिला विषमज्वर झाला. मी कचेरीत, घरात दुसरं माणूस नाही. पहिल्या दिवशी दुपारी घरी येऊन बघतो तर अण्णा उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसलेले, आत नंजम्मा हिच्या कपाळावर पट्ट्या ठेवतेय, आणि आमच्या दाराशी दोन घागरी जास्तीच्या भरलेल्या. केंद्राचा थर्मामीटर कारण न विचारता आमच्याकडे आला आणि हिचा ताप उतरेपर्यंत परत गेला नाही. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, "आभार कसले? अधिकार घेतला की हे करावं लागतं. फुकट घेतलाय का अधिकार?" त्यांच्या हातचं ते एकाच चवीचं सार ही त्या आजारात रोज पीत होती. अजूनही बरं नसलं की तिला तेच सार आठवतं आणि मला ते जमत नाही.

अण्णांना एकच मुलगा. एका मोठ्या कारखान्यात इंजिनियर. नव्या वसाहतीत, जयनगरला, त्यानं घर बांधलं होतं. माणूस चांगला, वडलांवर मनापासून माया करणारा. दर रविवारी येई आणि दर रविवारी एकच विषय काढी. अण्णा, आता पुरे. पहाटेच्या थंडीत वाकून व्हॉल्व्ह कसले उघडता? प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा नळ घेऊन देतो, पुढं-मागं वठार विकून टाकू, तुम्ही माझ्याकडे या. तुमच्यासाठी वेगळी खोली आहे, दारात बाग आहे, बसून राहा.

"बसून राहा" हे शब्द आले, की अण्णांचा चेहरा उतरे.

एकदा मुलगा गेल्यावर ते माझ्याशी बोलले. "तो काही वाईट सांगत नाही. सूनही फार गुणी आहे. पण तिथं मी कोण? पाहुणा. कॉफी वेळेवर मिळेल, पेपर हातात मिळेल. मला कुणी काही विचारणार नाही. इथं पहाटे मी उठलो नाही तर कुणाच्या घरी चूल पेटत नाही. तेवढ्यासाठी मी उठतो, बेळगाव. नाहीतर या वयात कशाला उठायचं?"

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. मी रात्री जेवताना ते हिला सांगितलं, आणि हिनं दुसऱ्या दिवशी नळावर नंजम्माला सांगितलं. नळावर सांगितलेली गोष्ट अख्ख्या वठाराला कळते. त्यानंतर काही दिवस पाळीबद्दलची कुरकुर जरा हळू आवाजात होऊ लागली.

मग काही वर्षांनी तंजावरच्या बहिणीच्या घरी लग्न निघालं. अण्णांना आठवडाभर जाणं भाग होतं. इतके दिवस वठार सोडून ते कधी गेले नव्हते. त्यांनी मला बोलावून हंगामी राज्यपाल नेमलं. चावी कशी धरायची, किती वेढे द्यायचे, कुणाची पाळी कुणानंतर, शिंपी बोलत बसला तर त्याला काय म्हणायचं, हे सगळं त्यांनी मला एक आख्खी दुपार समजावलं. मी डोकं हलवत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यात बसताना म्हणाले, "सगळं तुमच्यावर." मी म्हणालो, "काळजी करू नका." टांगा गेला.

त्यानंतरच्या पहाटे मी मफलर वगैरे गुंडाळून रुबाबात बाहेर आलो, झाकण उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की मला चावीबद्दल सगळं मिळालंय, चावी मिळालेली नाही. अण्णा चावी रोज उशाखाली घेऊन झोपत. जाताना त्यांनी सवयीप्रमाणे उशी-अंथरुणाची वळकटी बांधली, आणि वठाराची सत्ता वळकटीत बसून आगगाडीनं तंजावरला गेली.

सगळ्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. कुणी हसावं का रडावं हे ठरवत होतं. तेवढ्यात नंजम्माचा नवरा गिरणीत जायला म्हणून बाहेर आला. त्यानं खड्ड्यात वाकून बघितलं, परत घरात गेला, एक मोठा पाना घेऊन आला आणि एका हिसक्यात व्हॉल्व्ह उघडला. पाणी आलं. त्यानं पाना पिशवीत टाकला, म्हणाला, "एवढंच होतं," आणि निघाला. इतकी वर्षं त्याच्या घरात तो पाना होता. व्हॉल्व्ह अण्णांचा आहे म्हणून त्यानं हात लावला नव्हता.

मी हंगामी राज्यपाल म्हणून पाळी पुकारायला तोंड उघडलं, पण ही म्हणाली, "तुम्ही आत जाऊन चहा घ्या बघू." तिनं आणि नंजम्मानं काय ठरवलं ते मला समजलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाले पहिले, मग शाळेची मुलं असलेली घरं, मग आम्ही कचेरीवाले आणि शेवटी शिंपी, अशी रांग लागली. शिंपी आनंदानं शेवटी आला. त्याला इतकी वर्षं पहाटे उठायचंच नव्हतं. पहिल्या पाळीचा मान नाकारायचा कसा हे त्याला समजत नव्हतं. भांडण नाही, आवाज नाही, आणि वेळ नेहमीपेक्षा निम्मा. केंद्राची शिडी बाहेरच भिंतीला टेकलेली होती, ती जाता-येता कुणालाही मिळत होती. वठार सुखात चाललं होतं.

आणि त्यातच रविवारी अण्णांचा मुलगा आला. बापाच्या घराला कुलूप, तरी वठारावर एक नजर टाकून जावं म्हणून सकाळीच आला. त्यानं नळ वाहताना पाहिला, रांग पाहिली, शिंप्याला झोपलेला पाहिला. त्याचा चेहरा खुलला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बघा. मी हेच सांगतोय त्यांना. त्यांच्यावाचून अडतं, एवढंच त्यांचं एक कारण आहे. मंगळवारी ते येतायत. संध्याकाळी मी येतो आणि सगळ्यांसमोर विचारतो. तुम्ही सगळ्यांनी फक्त खरं सांगा. मग ते नाही म्हणणार नाहीत. पुढच्या आठवड्यात मी त्यांना घेऊन जातो."

त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. बापाच्या गुडघ्यांची त्याला खरोखर काळजी होती. मी मान हलवली आणि घरात येऊन सुन्न बसलो. ही पोळ्या लाटत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. लाटणं न थांबवता म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

मंगळवारी दुपारी अण्णा आले. टांग्यातून उतरल्या उतरल्या त्यांनी वळकटी सोडली आणि चावी काढून माझ्यापुढं धरली. चेहरा पार पडलेला. "अय्यो, बेळगाव, तिकडं पोचल्यावर बघितलं. लग्नात घास गोड लागला नाही मला. पाण्याचं काय केलंत?" मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "आधी हातपाय धुऊन घ्या, अण्णा. संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी मुलगा आला. अंगणात खुर्च्या मांडल्या. नंजम्मा नेहमी मंगळवारी बनशंकरीच्या देवळात लिंबाच्या सालीतले दिवे लावायला जायची, ती त्या दिवशी गेली नाही. सगळी बिऱ्हाडं आपापल्या उंबऱ्यांवर बसली. मुलगा उभा राहून कानडीत म्हणाला, "अण्णा नव्हते तेव्हा पाण्याचं कसं काय झालं, ते जरा सगळ्यांनी सांगा."

नंजम्मानं पदर सावरला. "काय सांगू साहेब. हाल झाले. पाणीच नाही."

"पाणी नाही? रविवारी मी स्वतः पाहिलं."

"रविवारी आलं. देवाच्या दयेनं. सोमवारी मारामारी."

"कुणाची?"

"माझी," शिंपी म्हणाला. त्यानं एक पोचा आलेली घागर उचलून दाखवली. तो पोचा आम्ही राहायला आलो तेव्हापासून त्या घागरीला होता. "माझी पहिली पाळी. मला कुणी पहिलं जाऊ देईना. मी इतका जुना भाडेकरू. अण्णा असते तर अशी हिंमत झाली असती कुणाची?"

"माझे हे दोनदा गिरणीत उशिरा पोचले," नंजम्मा म्हणाली. तिचा नवरा मागं पिशवीवर हात ठेवून बसला होता. तो जमिनीकडे बघत राहिला.

मग आमची ही उठली. म्हणाली, "यांना राज्यपाल केलं होतं. यांना तर कुणी विचारलंसुद्धा नाही." एवढं एकच वाक्य त्या संध्याकाळी खरं बोललं गेलं.

मुलगा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. इंजिनियर माणूस, त्यानं रविवारी वाहणारं पाणी डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्यांदा त्याच्या कपाळावर आठी आली. मग त्यानं उंबऱ्याउंबऱ्यावरचे ते चेहरे नीट पाहिले, आणि खुर्चीत ताठ बसलेल्या, दोन्ही हातांत चावी धरलेल्या बापाला पाहिलं. आठी हळूहळू गेली. "सरी," तो म्हणाला. "मग नळाचं राहू दे." वडलांच्या पाया पडून तो निघाला. फाटकापाशी माझा हात दाबून म्हणाला, "त्यांना थंडीचं तेवढं बघा." त्याचे डोळे भरले होते, आणि माझेही.

अण्णा उठले. चावी घेऊन घरात गेले. बातम्यांच्या वेळी रेडिओ खिडकीत आला. बातम्या संपल्या, गाणं लागलं, आणि आत हात गेला नाही. मंगळवार असून सबंध गाणं वाजलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे बाहेर आले. खुर्ची मांडली, वाकून चावी फिरवली, पाणी आलं. मान वर करून त्यांनी "सेलम" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

रांग लागलेली होती. गिरणीवाले पुढं, त्यांच्यामागं शाळेची मुलं असलेली घरं, मग कचेरीवाले. शिंप्याचं दार बंद, आतून घोरण्याचा आवाज. इतक्या दिवसांच्या सवयीनं पाय आपोआप तिथं तिथं जाऊन उभे राहिले होते. काल संध्याकाळी सांगितलेली हकिगत रांगेत कुणाच्याच लक्षात राहिली नव्हती. नंजम्माला ते सगळ्यात आधी उमगलं. तिनं घागर उचलून मागं सरकायला सुरुवात केली, मागच्या बाईच्या पायावर पाय पडला, घागरी एकमेकींवर आपटल्या.  नळ वाहत होता आणि त्याखाली कुणाचीच घागर नव्हती.

अण्णांनी ती रांग पहिल्या घागरीपासून शेवटच्या घागरीपर्यंत पाहिली. मग त्यांनी मला हाक मारली.

"बेळगाव, फेडरलिस्ट म्हणजे कोण?"

इतक्या वर्षांत हा पाठ मला झोपेतही येत होता. मी म्हणालो, "केंद्र बळकट पाहिजे म्हणणारा."

"तप्पु," अण्णा म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "अर्धं उत्तर. बळ कुणी दिलं केंद्राला? तेरांनी दिलं. त्यांच्यापाशी होतं म्हणून दिलं. सगळे बसले आणि आपल्यातलं काढून दिलं. नाही म्हणाले असते तर कोण काय करणार होतं? दरवर्षी मी हे फळ्यावर लिहिलं, पोरांकडून घोकून घेतलं." त्यांनी रांगेकडे हात केला. "मला काल संध्याकाळी समजलं."

मग त्यांनी मफलरनं डोळे पुसले, लपवायची काही धडपड न करता, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मंड्या, पुढं या. गिरणीची वेळ झाली. सेलमला झोपू द्या."

नंजम्मा पुढं आली. तिला इतकं रडू येत होतं की घागर नळाखाली नीट बसेना.

त्या दिवशी सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर अण्णांनी आपल्या दाराच्या चौकटीला, बाहेरच्या बाजूनं, एक मोठा खिळा ठोकला आणि चावी त्यावर अडकवली. उशाखालून ती कायमची निघाली. कुणीही यावं आणि काढून घ्यावी अशा उंचीवर ती टांगली होती. "असू दे," ते मला म्हणाले. "कुणाला लागली तर विचारायचं कारण नाही." छत्रीसाठी मात्र कारण शेवटपर्यंत सांगावं लागलं.

पुढं बरीच वर्षं आम्ही त्या वठारात होतो. आमची दोन्ही मुलं तिथं झाली, त्यांना मराठीबरोबरच कानडी आली आणि फेडरलिस्टचा अर्थही आला. अण्णा थकत चालले होते. कधी पहाटे त्यांना उठायला उशीर व्हायचा. अंगणात सगळ्या घागरी लागलेल्या असत, गिरणीचा भोंगा व्हायला आलेला असे. नंजम्माच्या नवऱ्याच्या पिशवीत पाना असे. हाताच्या अंतरावर, खिळ्याला चावी लटकत असे. आणि सगळं वठार, एकमेकांशी कुजबुजत, थंडीत हात चोळत, आतून खोकल्याचा आवाज यायची वाट बघत उभं असे.